न्हावा-शेवा बंदर विकलेलं नाही

'न्हावा-शेवा परदेशी कंपन्यांना विकलं' हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे.

1989 मध्ये सुरू झालेल्या या बंदराची जमीन आजही जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाची, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्थेची आहे. खासगी कंपन्यांना एकेक टर्मिनल, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचा धक्का, चालवायला मिळतं, तेही मुदतीच्या करारावर. असा पहिला करार 1997 मध्ये 30 वर्षांसाठी झाला. सिंगापूरच्या पीएसए कंपनीने तर चौथं टर्मिनल घेताना उत्पन्नातला सुमारे 36 टक्के वाटा प्राधिकरणाला द्यायचं कबूल केलं. 2022 मध्ये प्राधिकरणाचं स्वतःचं कंटेनर टर्मिनलही याच पद्धतीने दिलं गेलं आणि 'सगळंच गेलं' ही समजूत पक्की झाली.

जहाज येतं तेव्हा काय होतं? त्याला आत आणायला पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा जाणकार, प्राधिकरण पाठवतं. कंटेनर उतरवणाऱ्या क्रेन टर्मिनलवाल्या कंपनीच्या. पण माल सोडायचा की अडवायचा, हे ठरवतं भारताचं कस्टम्स. कंपनीला तो अधिकारच नाही.

टीका जरूर करावी. बंदरासाठी जमिनी दिलेल्या उरणच्या शेतकऱ्यांना मोबदला म्हणून मिळायच्या, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांसाठी किती वर्षं झगडावं लागलं, त्यावर आधी बोला.