फाईलपासून कानापर्यंत: डिजिटल म्युझिक प्लेअरचा आवाज कशावर ठरतो?

1998 साली दक्षिण कोरियातील सेहान या कंपनीने एमपीमॅन नावाचा खिशात मावणारा प्लेअर बाजारात आणला आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ पीएमपी300 आला. दोन्ही यंत्रांच्या सुरुवातीच्या प्रतींत 32 मेगाबाइट एवढीच जागा होती. सीडीवरचे संगीत जसेच्या तसे साठवायचे तर मिनिटाला दहा मेगाबाइटांहून थोडी अधिक जागा लागते, म्हणजे या यंत्रांत जेमतेम तीन मिनिटांचे एक गाणे मावले असते. प्रत्यक्षात त्यांत अर्ध्या तासाहून अधिक संगीत बसत असे, कारण मूळ माहितीचा अकरा भागांपैकी केवळ एक भाग ठेवून बाकीची टाकून दिलेली असे. हे प्लेअर इतके वेगाने पसरतील अशी धास्ती घेऊन अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने रिओविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, पण 1999 मध्ये निकाल तिच्या विरोधात गेला आणि पुढचा रस्ता मोकळा झाला.

अकरापैकी दहा भाग टाकूनही गाणे ओळखू येते, एवढेच नव्हे तर बहुतेकांना ते बरे वाटते, याचे श्रेय आपल्या श्रवणशक्तीच्या एका मर्यादेला आहे. जोरदार ध्वनीच्या आसपासच्या कंप्रतेचे (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येचे) हळू ध्वनी कानाला ऐकूच येत नाहीत. ते त्या मोठ्या ध्वनीखाली झाकले जातात. शिवाय कान सर्व कंप्रतांना सारखा दाद देत नाही. 2 ते 5 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तो सर्वाधिक तीक्ष्ण असतो, तर खर्जाकडे आणि अतितारकडे तो बोथट होत जातो. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गुणधर्मावर आधारलेली जी संकोचनपद्धत विकसित केली, तीच पुढे एमपी3 या नावाने जगभर पोहोचली. ही पद्धत ध्वनीचे छोटे तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्यातील कंप्रता वेगळ्या करते, कोणत्या कंप्रता झाकल्या जाणार याचा अंदाज बांधते आणि त्यांचे वर्णन भरड अंकांत उरकते. भरड अंकांमुळे खरखर वाढते हे खरे, परंतु ती खरखरही त्याच झाकणाखाली राहील अशी काळजी घेतलेली असते.

हे झाकण सर्व ठिकाणी सारखे पुरत नाही, आणि ते कुठे अपुरे पडते हे तबल्याच्या ध्वनिमुद्रणावर फार छान तपासता येते. एमपी3 मधील लांब तुकडा साधारण 26 मिलिसेकंदांचा असतो. त्या तुकड्याच्या शेवटी शेवटी चाटीवर एक खणखणीत ‘ना’ पडला असे समजू. भरड अंकांमुळे निर्माण झालेली खरखर त्या आघातापुरती मर्यादित राहत नाही; ती पूर्ण तुकडाभर पसरते आणि त्यामुळे आघात होण्यापूर्वीच्या शांततेतही शिरते. आघातानंतरचा हळू आवाज कान शंभरएक मिलिसेकंद सहज दुर्लक्षितो, पण आघाताआधीचा आवाज झाकला जाण्याची मुदत अवघी काही मिलिसेकंदांची असते. परिणामी तबल्याच्या बोलाआधी एक पुसटसा फुसकारा ऐकू येतो आणि बोलाची धार बोथट होते. चांगला एन्कोडर, म्हणजे एमपी3 फाईल बनवणारे सॉफ्टवेअर, असा आघात आधीच हेरून तेवढ्यापुरते तुकडे एकतृतीयांश लांबीचे करतो. म्हणूनच एकाच बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला तितक्याच किलोबिट माहितीच्या, दोन एमपी3 फाईलींत, एक जुन्या आणि दुसरी सुधारलेल्या एन्कोडरने बनवलेली असल्यास, चांगलाच फरक पडू शकतो. एमपी3 वाईट की चांगले, असा सरसकट प्रश्न म्हणूनच मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. 128 किलोबिटला अनेक एन्कोडर सुमारे 16 हजार हर्ट्झच्या वरच्या कंप्रता सरळ कापून टाकतात आणि तंबोऱ्याच्या जवारीतली वरची झिलई थोडी उणावते; 256 किंवा 320 किलोबिटला मात्र तीच फाईल मूळ सीडीपासून वेगळी ओळखणे सरावलेल्या कानांनाही बहुतेक वेळा जमत नाही.

ज्यांना काहीच टाकायचे नसेल त्यांच्यासाठी फ्लॅक आहे. 2001 मध्ये आलेली ही खुली पद्धत सीडीवरची माहिती साधारण निम्म्या ते साठ टक्के जागेत बसवते आणि वाजवताना एकही अंक न गमावता ती परत उभी करते. साठवणूक महाग होती तोवर या पद्धतीला खिशात फारसे स्थान नव्हते. ऑक्टोबर 2001 मध्ये ॲपलने पहिला आयपॉड आणला तेव्हा त्यात तोशिबाने बनवलेली 1.8 इंची, 5 गिगाबाइटची हार्डडिस्क होती, आणि खिशात हजार गाणी हा दावा 160 किलोबिटच्या एमपी3 फाईली धरून केलेला होता. आज नखाएवढ्या मेमरीकार्डावर त्याच्या कित्येक पट जागा मिळते, त्यामुळे फाईलीच्या पातळीवर तडजोड करण्याचे कारण जवळपास उरलेले नाही.

फाईलीनंतरचा टप्पा म्हणजे अंकांचे विद्युतदाबात रूपांतर करणारी डॅक नावाची चिप, आणि जाहिरातींचा सर्वाधिक भर नेमका इथे असतो. सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने असतात आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एक असतो. या पायऱ्यांमुळे प्लेअरमधून बाहेर पडणारी लहर जिन्यासारखी तुटक असते, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या सिद्धांतानुसार, नमुन्यांच्या निम्म्या वेगापर्यंतच्या कंप्रता, म्हणजे सीडीच्या बाबतीत 22 हजार हर्ट्झपर्यंतच्या, त्या नमुन्यांतून पूर्ण गुळगुळीत स्वरूपात परत मिळवता येतात. माणसाच्या कानाची वरची सीमा तरुणपणी सुमारे 20 हजार हर्ट्झ असते आणि वयाबरोबर ती खाली येते. बिटांची संख्या ठरवते ती केवळ तळाची खरखर किती हळू असेल हे. 16 बिटांना ही खरखर सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा सुमारे 98 डेसिबलने खाली असते. शांत खोलीतही 30 डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्या पातळीला खरखर टेकवायची म्हटली तर गाण्याचा सर्वांत मोठा क्षण 128 डेसिबलवर न्यावा लागेल, आणि तो कानांना इजा करील.

मग 24 बिट आणि 96 किंवा 192 हजार नमुन्यांचे ‘हाय-रेझ’ संगीत कशासाठी? ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करताना या जास्तीच्या वावाचा खराखुरा उपयोग होतो, कारण तिथे आवाज वारंवार कमी-जास्त केला जातो. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने पुरावा मात्र तोकडा आहे. 2007 मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी उच्च दर्जाच्या डिस्कवरचे संगीत आणि तेच संगीत सीडीच्या 16 बिट दर्जातून मुद्दाम गाळून अशी जोडी श्रोत्यांना ऐकवली. 554 प्रयत्नांपैकी 276 वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून जेवढे आले असते तेवढेच. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी 2016 मध्ये अशा 18 प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा सुमारे 52 टक्के उत्तरे बरोबर निघाली आणि प्रशिक्षित श्रोत्यांत हे प्रमाण वाढले. म्हणजे फरक असलाच तर तो फार बारीक आहे आणि तो टिपायला सराव लागतो. गायक नील यंग यांनी 2014 मध्ये पोनो नावाच्या त्रिकोणी प्लेअरसाठी लोकवर्गणीतून 62 लाख डॉलर उभे केले, 399 डॉलरला तो विकला आणि हाय-रेझ संगीताचे दुकानही थाटले. 2017 पर्यंत तो उद्योग आटोपला. पोनोमध्ये साधनसामग्री उत्तम होती, यात वाद नाही. पण ज्या कमतरतेवर तो उतारा सांगितला जात होता ती कमतरता श्रोत्यांना जाणवत नव्हती.

माझ्या मते आवाजातला ऐकू येणारा फरक डॅकनंतर, प्लेअरच्या शेवटच्या काही मिलिमीटरांत आणि हेडफोनमध्ये घडतो, आणि जाहिरातीत त्याविषयी क्वचितच काही लिहिलेले असते. सुरुवातीच्या अनेक प्लेअरमध्ये हेडफोनकडे जाणाऱ्या वाटेवर एक कपॅसिटर असे. बॅटरीचा एकदिश दाब हेडफोनमध्ये जाऊ नये एवढाच त्याचा हेतू होता, परंतु असा कपॅसिटर आणि हेडफोनचा रोध मिळून खर्ज अडवणारी चाळणी तयार होते. 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 16 ओहमचा इअरफोन असेल तर सुमारे 100 हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो. म्हणजे डग्ग्याची घुमक आणि तंबोऱ्याचा खर्ज या दोन्हींवर थेट घाव बसतो. गंमत अशी की त्याच प्लेअरला 300 ओहमचा मोठा हेडफोन जोडला तर ही सीमा 5 हर्ट्झपर्यंत खाली जाते आणि खर्ज पूर्ण ऐकू येतो, फक्त आवाज पुरेसा मोठा होत नाही. एकाच यंत्राविषयी दोन माणसे छातीठोकपणे उलटसुलट मते देतात, त्याचे एक कारण इथे सापडते.

दुसरे कारण म्हणजे प्लेअरचा स्वतःचा अंतर्गत संरोध, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा. हेडफोनचा संरोध सर्व कंप्रतांना सारखा नसतो. कानाच्या आत बसणाऱ्या, बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारच्या इअरफोनमध्ये तर तो कंप्रतेनुसार कित्येक पट बदलतो. समजा तो एका ठिकाणी 8 ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी 80 ओहम आहे. प्लेअरचा अंतर्गत संरोध 10 ओहम असेल तर या दोन ठिकाणच्या आवाजाच्या पातळीत सुमारे 6 डेसिबलचा फरक पडतो, आणि तो कोणालाही ऐकू येईल इतका मोठा आहे. अंतर्गत संरोध 1 ओहम असेल तर हाच फरक 1 डेसिबलच्या आत राहतो. हेडफोनच्या संरोधाच्या आठव्या भागापेक्षा प्लेअरचा संरोध कमी असावा, हा जाणकारांचा ठोकताळा यावरूनच आला आहे. या कसोटीवर स्वस्त यंत्रे नेहमीच मागे पडतात असे नाही, आणि महाग यंत्रे नेहमीच उत्तीर्ण होतात असेही नाही. 2016 मध्ये ॲपलने आयफोन 7 मधून हेडफोनचे भोक काढून टाकले तेव्हा 9 डॉलरला मिळणाऱ्या जोडवायरीत डॅक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही बसवले होते, आणि मोजमापात ती कितीतरी पट किमतीच्या साधनांना न लाजणारी निघाली.

दोन प्लेअरची तुलना करताना आणखी एक सापळा असतो. किंचित मोठा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘स्पष्ट’ किंवा ‘भरदार’ वाटतो. त्यामुळे दोन्हींची पातळी मीटरने मोजून 0.1 डेसिबलच्या आत जुळवल्याशिवाय आणि कोणता प्लेअर वाजतो आहे हे श्रोत्यापासून लपवल्याशिवाय केलेल्या तुलनेला शास्त्रीय किंमत देता येत नाही. दुकानात उभ्या उभ्या केलेल्या तुलना या अटी कधीच पाळत नाहीत.

सोयींपैकी दोन अशा आहेत की त्या आवाजाच्या दर्जाइतक्याच महत्त्वाच्या मानायला हव्यात. पहिली म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडणे. एमपी3 फाईल 1,152 नमुन्यांच्या चौकटींत विभागलेली असते आणि एन्कोडर सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता भरतो. सीडीवर आलाप, विलंबित आणि द्रुत असे सलग जोडलेले ट्रॅक असतील तर प्रत्येक सांध्यावर तंबोरा क्षणभर तुटतो आणि समाधी भंगते. किती नमुने गाळायचे याची नोंद फाईलीत असेल आणि प्लेअर ती वाचत असेल तरच हा दोष जातो. आयपॉडमध्ये ही सोय 2006 मध्ये आली. स्वीडनमधील काही प्रोग्रामरांनी 2001 च्या अखेरीस सुरू केलेले रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या प्लेअरांवर चढवण्याची हौस ज्यांनी केली, त्यांना अशा कितीतरी गोष्टी कंपनीच्या आधीच मिळाल्या. दुसरी सोय म्हणजे 2001 मध्येच डेव्हिड रॉबिन्सन यांनी सुचवलेली रिप्लेगेन. वेगवेगळ्या काळातील ध्वनिमुद्रणांची पातळी वेगवेगळी असते, ती मोजून फाईलीत नोंदवली की जुने नाट्यपद आणि त्यानंतरचे नवे चित्रपटगीत सारख्याच मोठेपणाने वाजतात आणि दर गाण्याला बटण दाबावे लागत नाही.

बटणाचा विषय निघाला की कानांच्या आरोग्याचाही विचार करावा लागतो. युरोपीय मानकांनुसार 2013 पासून प्लेअरचा आवाज आपोआप 85 डेसिबलच्या पुढे जाऊ नये, त्यापुढे जायचे तर वापरणाऱ्याने तसे जाणीवपूर्वक मान्य करावे आणि कमाल मर्यादा 100 डेसिबल असावी, असे ठरले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2019 मध्ये जाहीर केलेल्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास ही सुरक्षित मात्रा धरली आहे. दर 3 डेसिबलला मुदत निम्मी होते, म्हणजे 89 डेसिबलला आठवड्याला अवघे 5 तास उरतात. गर्दीच्या लोकलमध्ये बाहेरच्या गोंगाटावर मात करायला लोक आवाज वाढवतात आणि ही मात्रा दोन-तीन दिवसांतच संपवतात. बाहेरचा आवाज अडवणारे, कानात घट्ट बसणारे इअरफोन अशा वेळी 24 बिटांच्या फाईलीपेक्षा अधिक तपशील ऐकवतात, कारण हळू स्वर ऐकू येण्यासाठी लागणारी शांतता ते कमी आवाजातही मिळवून देतात.

ब्लूटूथने या साखळीची मांडणीच बदलली आहे. ब्लूटूथवर पाठवण्यापूर्वी संगीताचे पुन्हा संकोचन होते. सर्व यंत्रांना समजणाऱ्या एसबीसी पद्धतीत ते सामान्यतः 328 किलोबिटपर्यंत असते, तर सोनीच्या एलडॅकमध्ये 990 किलोबिटपर्यंत जाते. म्हणजे फ्लॅक फाईल असली तरी कानापर्यंत तीच माहिती पोहोचत नाही, आणि आधीच एमपी3 असलेली फाईल दुसऱ्यांदा भरड होते. मात्र डॅक, ॲम्प्लिफायर आणि इअरफोन एकाच कारखान्यात एकमेकांसाठी जुळवलेले असल्यामुळे कपॅसिटरची चाळणी आणि न जुळणारा संरोध हे जुने दोष वापरणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत. 10 मे 2022 रोजी ॲपलने आयपॉडचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले तोवर बहुतेकांच्या खिशातला वेगळा प्लेअर नाहीसाच झाला होता. डॅकपासून पुढचे सगळे काम आता कानात अडकवलेल्या काही ग्रॅमच्या बोंडातच होते, आणि नवा प्लेअर घेण्याचा विचार करणाऱ्याने पहिला खर्च कुठे करावा, हे त्यावरून ठरवता येते.