पेटलं, पुकारलं की लादलं : युद्धाच्या पहिल्या बातमीची पार्श्वभूमी

आमच्या घरी लोखंडी पेटीच्या तळाशी ४ डिसेंबर १९७१ चा पेपर अंथरलेला होता. त्यात सीमेवरच्या चकमकी आहेत, निर्वासितांच्या छावण्या आहेत, युद्ध मात्र नाही. कारण तो डाक आवृत्तीचा अंक. खेड्यांकडे जाणारा हा अंक शहराच्या अंकाआधीच छापून रात्रीच्या गाडीने निघायचा. पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर वगैरे तळांवर बॉम्ब टाकले ते ३ तारखेच्या संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास, आणि पंतप्रधान रेडिओवर बोलल्या तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी एसटीच्या टपावरून सुतळीने बांधलेला गठ्ठा उतरला तोवर बातमी गावात पोचलेली. कापूस वेचणीचे दिवस; बाया ओटी बांधून वावरात निघालेल्या आणि ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर माणसं.

पेपरात युद्ध आलं ते ५ तारखेला. तोवर गावाला ‘काय झालं’ हे माहीत होतं. पेपराकडून हवं होतं ते ‘कोणी केलं’. मराठीत त्याचं उत्तर क्रियापदात असतं. युद्ध ‘पेटलं’ म्हटलं की काडी लावणारा दिसत नाही. ‘पुकारलं’ म्हटलं की कोणीतरी रीतसर जाहीर केलेलं असावं लागतं. ‘लादलं’ म्हटलं की निकालच लागला. पंतप्रधानांच्या त्या रात्रीच्या भाषणाचा रोखही या तिसऱ्या शब्दाकडेच होता : बांगलादेशातलं युद्ध आज भारतावरचं युद्ध झालं आहे. आपल्या मनातल्या १९७१ च्या गोष्टीची सुरुवात त्या वाक्यापासून होते.

खरा गुंता तारखेचा. पाकिस्तानच्या लेखी हे युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालंच नाही. २१-२२ नोव्हेंबरला पूर्व सीमेवर भारताने युद्ध न पुकारता चढाई केली, असं तिथल्या सरकारने जगाला सांगितलं आणि २३ नोव्हेंबरला आणीबाणी जाहीर केली. बांगलादेशही आपला सशस्त्र सेना दिन २१ नोव्हेंबरलाच पाळतो. आपल्याकडे २४ नोव्हेंबरला संसदेत सांगितलं गेलं की पाकिस्तानी रणगाडे चालून आले म्हणून स्वसंरक्षणासाठी आपल्या सैन्याने सीमा ओलांडली. त्याच पूर्व सीमेवरच्या बोयऱ्याच्या आकाशात पाकिस्तानी सेबर विमानं पडली तीही २२ नोव्हेंबरची गोष्ट. म्हणजे पेटीतला तो ‘युद्ध नसलेला’ अंक निघाला तेव्हा तोफा चालू होऊन बारा दिवस झाले होते. तरीही ३ डिसेंबर ही तारीख मला खोटी वाटत नाही. पश्चिमेची आघाडी त्या दिवशी उघडली आणि ती कोणी उघडली यावर आता फारसा वाद नाही. पण ‘चकमक’ हा शब्द त्या पंधरवड्यात फार ओझं वाहत होता, हेही खरं.

१९६५ चंही तेच. आपण ५ ऑगस्टच्या काश्मीरमधल्या घुसखोरीपासून मोजतो. पाकिस्तान ६ सप्टेंबरपासून, भारतीय सैन्य लाहोरच्या दिशेने निघालं त्या दिवसापासून.

शब्द चुकवण्याची कला जुनी आहे. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या, तेव्हा बर्लिनच्या संपादकांना सूचना होती की मथळ्यात ‘युद्ध’ नको. आपण फक्त उलट गोळीबार करतो आहोत, असं तिथे सांगितलं जात होतं. लंडनच्या एका दैनिकाने मात्र तीन दिवस आधीच पोलंडच्या सीमेवर हजार रणगाडे जमल्याचं छापलं होतं. बातमी देणारी बाई नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. ब्रिटनपाठोपाठ भारतही युद्धात असल्याचं व्हाइसरॉयने ३ तारखेला कोणाला न विचारता जाहीर केलं. ‘लादलं’ तेव्हाही खरं होतं, फक्त लादणारा वेगळा. त्यावरचा काँग्रेसचा ठराव १४ सप्टेंबरला झाला तो आपल्याच वर्ध्यात : ज्या स्वातंत्र्यासाठी लढायचं म्हणता, ते आम्हाला आहे का?

त्याआधीचं थोडक्यात. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली ती खबर समुद्रमार्गे आली. वऱ्हाडाला ती कळली कापसाच्या भावातून. भाव चढला, आणि १८६५ ला लढाई थांबली तसा कोसळला.

अलीकडे उशीर संपला, शब्द तेवढे निसटते राहिले. १९९९ ला कारगिलमध्ये आधी ‘घुसखोर’, मग ‘युद्धसदृश स्थिती’. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हटलं आणि मार्चमध्ये सैन्याबद्दल ‘खोटी’ माहिती देणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत कैदेचा कायदा केला. मॉस्कोच्या एका पेपराने हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीचा अंक रशियन आणि युक्रेनियन अशा दोन्ही भाषांत काढला. महिना-सव्वा महिन्यात त्याला छपाई थांबवावी लागली. आपल्याकडे मथळ्यांत सरळ ‘हल्ला’ होता. गावात चर्चा मात्र तिकडे डॉक्टरी शिकायला गेलेल्या पोरांची आणि सूर्यफुलाच्या तेलाच्या पिप्याची.

७ मे २०२५ च्या पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी मोबाइलवर आली, पेपर यायच्या आधी. सरकार ‘मोजूनमापून केलेली कारवाई’ म्हणत होतं, वाहिन्या ‘युद्ध’ म्हणून ओरडत होत्या, आणि एका रात्रीत न घडलेलंही बरंच दाखवून झालं. १० मेच्या संध्याकाळी पाचपासून गोळीबार थांबवायचं ठरलं. त्याला कोणी शस्त्रसंधी लिहिलं, कोणी युद्धविराम. सरकारचा शब्द ‘सामंजस्य’. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर पेपर उघडून बसलेले एक बुढे बाबा मथळ्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘लढाई लागलीच नव्हती म्हन्ते ना, मंग थांबली कोनची?’’