मधली चित्रं कोण काढणार?

जाड कागदाची वीतभर व्यासाची एक गोल चकती कापा. कडेला समान अंतरावर बारा फटी पाडा, प्रत्येक फट साधारण तीन मिलिमीटर रुंद. फटींच्या आतल्या बाजूला बारा चित्रं काढा. प्रत्येक चित्रात उडी मारणारा माणूस मागच्या चित्रापेक्षा जरासा पुढे सरकलेला हवा. चकतीच्या मध्यातून टाचणी आरपार घालून ती पेन्सिलीच्या मागच्या रबरात टोचा. चित्रांची बाजू आरशाकडे धरा आणि चकतीच्या मागून, फटींमधून आरशात बघत ती फिरवा. माणूस उड्या मारू लागतो. आता डोळा फटींवरून बाजूला घ्या आणि थेट आरशात बघा. दिसेल फक्त एक करडा पट्टा.

बेल्जियममध्ये जोझेफ प्लाटो आणि ऑस्ट्रियात सिमोन श्टाम्फर यांनी १८३२ च्या सुमारास, एकमेकांची कल्पना नसताना, हीच चकती बनवली. फेनाकिस्टिस्कोप हे तिचं नाव. खरी करामत चित्रांइतकीच फटीची आहे. फट प्रत्येक चित्र क्षणभर दाखवते आणि ते सरकताना दिसायच्या आत झाकून टाकते. फट रुंद केली तर चित्र फराटल्यासारखं दिसतं. फार अरुंद केली तर स्पष्ट दिसतं, पण अंधुक.

शाळेच्या पुस्तकांत या सगळ्याचं श्रेय दृष्टिसातत्याला दिलेलं असतं: डोळ्यावर उमटलेली प्रतिमा क्षणभर टिकते, म्हणून चित्र हललेलं दिसतं. हे स्पष्टीकरण अपुरं आहे. प्रतिमा नुसती टिकून राहिली असती, तर बारा माणसं एकमेकांवर साचलेली दिसली असती. १९१२ मध्ये मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी दोन वेगळ्या जागी दोन रेघा आळीपाळीने दाखवल्या. मधलं अंतर सुमारे ६० मिलिसेकंद ठेवलं की बघणाऱ्यांना दोन रेघा दिसतच नव्हत्या, एकच रेघ इकडून तिकडे जाताना दिसत होती. अंतर ३० मिलिसेकंदांवर आणलं की दोन्ही रेघा एकदमच दिसत आणि २०० वर नेलं की एकीनंतर दुसरी. म्हणजे मधली हालचाल मेंदू भरून काढतो. पण त्यालाही मर्यादा आहे. दोन चित्रांमधली उडी फार मोठी झाली की तो जोडणी सोडून देतो आणि पडद्यावर एकाच्या जागी दोन वस्तू थरथरताना दिसतात.

त्यामुळे मेंदूला पुरतील इतकी मधली चित्रं कोणीतरी काढावीच लागतात. ॲनिमेशनच्या इतिहासातली निम्मी खटपट हे काम कोणाच्या गळ्यात घालायचं याचीच आहे.

एमिल रेनो यांनी सगळं एकट्यानेच केलं. २८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात त्यांनी हाताने रंगवलेल्या चित्रांची लांब पट्टी प्रेक्षकांसमोर पडद्यावर चालवली. त्यातल्या एका खेळाच्या पट्टीत ५०० चित्रं होती. आजच्या हिशेबाने, सेकंदाला बारा चित्रं धरली, तर ती पाऊण मिनिटात संपतात. रेनो यांचा खेळ मात्र पंधरा मिनिटांच्या आसपास चाले, कारण ते पट्टी हाताने पुढे-मागे फिरवत, मध्ये थांबवत आणि तीच हालचाल पुन्हा दाखवत. तोच तुकडा फिरवून वापरण्याची ही युक्ती पुढे प्रत्येक स्टुडिओने उचलली. १९०८ मध्ये एमिल कोल यांनी सुमारे ७०० चित्रं काढून प्रत्येक चित्र कॅमेऱ्याने दोनदा टिपलं. श्रम निम्म्यावर आले आणि फरक फारसा कोणाला कळला नाही. आजही सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा १२ चित्रंच असतात. पार्श्वभूमी सरकत असेल तिथे मात्र ही काटकसर अंगाशी येते. जमीन दर फ्रेमला सरकते, पाय एक फ्रेम सोडून हलतात, आणि पावलं जमिनीवर थरथरत घसरताना दिसतात. तेवढ्या दृश्यापुरती चोवीसच्या चोवीस चित्रं काढावीच लागतात.

विन्सर मॅके यांची १९१४ मधली डायनोसॉर ‘गर्टी’ हजारो कागदांवर काढलेली होती, आणि प्रत्येक कागदावर मागचे डोंगर नि झाडंसुद्धा! पार्श्वभूमी गिरवायला मदतनीस होता, पण हाताने गिरवलेली रेघ दोनदा तंतोतंत एका जागी पडत नाही, म्हणून दगडही किंचित थरथरतात. त्याच वर्षी अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यासाठी पेटंटचा अर्ज केला. पार्श्वभूमी एकदाच रंगवायची आणि हलणारं पात्र वरच्या पारदर्शक सेलवर. या सेलची एक खोड होती. तो पूर्ण पारदर्शक नसतो, त्यामुळे चार-पाच सेल एकावर एक ठेवले की खालच्या पात्राचा रंग मळकट होतो. दृश्याच्या मध्येच एक सेल काढला तर रंग अचानक उजळतो. म्हणून गरज नसतानाही कोरा सेल ठेवून थरांची संख्या कायम राखावी लागे.

मॅके यांनी आणखी एक वाट पाडली. आधी महत्त्वाच्या अवस्था काढायच्या, मग दोहोंच्या मधली आणि मग त्यांच्याही मधली. स्टुडिओंनी याची कामवाटणी केली: मुख्य चित्रकार की-चित्रं काढणार, मधली चित्रं ‘इनबिटविनर’ काढणार. की-चित्राच्या कडेला एक उभी रेघ असे आणि तिच्यावर आडव्या खुणा. मधली चित्रं कोणत्या टोकाला दाटीने बसवायची ते त्या खुणा सांगत. खुणा एका टोकाला दाट म्हणजे हालचाल तिथे मंद, विरळ म्हणजे वेगवान. ही बोटभर रेघ नीट लक्षात ठेवा, कॉम्प्युटरवर ती पुन्हा भेटणार आहे.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी १९७० च्या आसपास इनबिटविनरचं काम यंत्राला दिलं. चित्रकाराने दोन की-चित्रं काढायची आणि प्रत्येक रेघेच्या मधल्या जागा कॉम्प्युटर मोजून काढणार. याच पद्धतीने पीटर फोल्डेस यांचा ‘हंगर’ हा लघुपट १९७४ मध्ये तयार झाला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. त्यातली माणसं एका रूपातून दुसऱ्यात वितळत जातात, आणि विषयाला ते शोभतं. साधा हात हलवायचा असेल तर मात्र हेच वितळणं पंचाईत करतं.

का, ते घड्याळाच्या काट्यावर बघता येतं. पहिल्या चित्रात काटा बारावर, दुसऱ्यात तीनवर. टोकाच्या दोन जागांची सरासरी काढली तर मधलं टोक त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या सरळ रेषेवर पडतं, वर्तुळावर नाही. काट्याची लांबी तिथे मूळच्या ७१ टक्केच उरते. म्हणजे काटा फिरताना आखडतो आणि पुन्हा लांब होतो. कोपरातून वळणाऱ्या हाताचंही तेच होतं. बर्टनिक आणि वाइन यांनी १९७६ मध्ये यावर सांगाड्याची पद्धत मांडली: रेघांऐवजी आतला सांगाडा हलवायचा, रेघा त्याच्यामागे येतील. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये पात्राच्या आत ‘बोन’ घालतात त्यामागचा विचार हाच.

थोडक्यात, यंत्र मधलं चित्र काढतं म्हणजे सरासरी काढतं. त्या सरासरीला वळण कसं लावायचं हे शिकण्यासाठी टप्पे खाणाऱ्या चेंडूचा धडा सगळ्यात चांगला. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरेसं आहे. फ्रेमचा वेग २४ ठेवा.

आधी हिशेब कागदावर करा. वरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ फ्रेममध्ये, सुमारे १२२ सेंटिमीटर पडतो. प्रत्येक टप्प्याला मागच्या उंचीच्या ६४ टक्के उसळी धरा. उंची ६४ टक्के झाली की वेळ तिच्या वर्गमुळाने, म्हणजे ८० टक्क्यांवर येतो. त्यामुळे पुढच्या उंच्या ७८, ५० आणि ३२ सेंटिमीटर, आणि वर जायला किंवा खाली यायला अनुक्रमे १०, ८ आणि ६ फ्रेम. आता की-फ्रेम, म्हणजे की-चित्रं ज्या फ्रेमवर बसवायची त्या, आपोआप ठरल्या. फ्रेम १ ला चेंडू वर, १३ ला जमिनीवर, २३ ला वर, ३३ ला खाली, ४१ ला वर, ४९ ला खाली, ५५ ला वर, ६१ ला खाली. नवशिक्यांचे बहुतेक चेंडू इथेच फसतात. उसळी कमी करतात, पण वेळ तेवढाच ठेवतात, आणि शेवटचे टप्पे चंद्रावर चालल्यासारखे वाटतात.

दृश्याच्या केंद्रावर १० सेंटिमीटर त्रिज्येचा गोल घ्या. एडिट मोडमध्ये, म्हणजे वस्तूचा आकार बदलायच्या अवस्थेत, त्याचे सगळे बिंदू निवडून झेड दिशेला १० सेंटिमीटर वर सरकवा. मूळबिंदू, म्हणजे ज्या बिंदूपासून वस्तू ताणली-दाबली जाते तो, जागेवरच राहतो, म्हणजे आता तो चेंडूच्या तळाशी आला. हे विसरलात तर पुढे चेंडू चपटा करताना तो मध्यातून आकसेल आणि जमिनीपासून सुटून अधांतरी दिसेल. मग वरच्या आठ फ्रेमवर जाऊन उंची भरायची आणि चेंडूच्या जागेची की लावायची, म्हणजे त्या फ्रेमपुरती ती जागा नोंदवायची. आडवी सरक मात्र फक्त फ्रेम १ आणि ६१ वर ठेवा, मधल्या आडव्या की पुसून टाका आणि ती रेषा ‘लिनियर’, म्हणजे सरळ, करा. मधल्या की राहिल्या तर चेंडू हवेत दर वळणावर अडखळतो.

आता चालवून बघा. चेंडू जमिनीजवळ येताना मंदावतो, उशीवर टेकावा तसा टेकतो. हालचालीचा आलेख दाखवणारा ग्राफ एडिटर उघडला की कारण दिसतं. ब्लेंडर दोन की-फ्रेममध्ये दोन्ही टोकांना सपाट होणारी वक्ररेषा घालतं. फ्रेम ७ ला, म्हणजे बरोबर मध्ये, चेंडू ६१ सेंटिमीटरवर असतो. खरा चेंडू अर्ध्या वेळेत पाव अंतरच पडतो, म्हणून तो तिथे ९२ वर हवा. वक्ररेषा ‘लिनियर’ करूनही भागत नाही, तीही ६१ च दाखवते. सरासरी गुळगुळीत केली म्हणून ती गुरुत्वाकर्षण होत नाही.

उपाय हँडलमध्ये, म्हणजे वक्ररेषेला वळण देणाऱ्या, की-ला जोडलेल्या दांडीत आहे. फ्रेम १३ ची की निवडून हँडलचा प्रकार ‘व्हेक्टर’ करा. जमिनीवर टोकदार कोपरा येतो आणि आपटल्याचा भास लगेच होतो. बरेच धडे इथेच थांबतात, पण व्हेक्टर हँडल निम्माच उतार देतं. त्याचं टोक धरून फ्रेम ९ वर आणि ८२ सेंटिमीटर उंचीवर न्या. म्हणजे मागे एक तृतीयांश वेळ आणि वर दोन तृतीयांश उंची. फ्रेम १ चं हँडल आडवंच, फ्रेम ५ पर्यंत. झाली ती खरी पॅराबोला. खात्री करायची तर फ्रेम ४ ला ११५, ७ ला ९२ आणि १० ला ५४ सेंटिमीटरच्या आसपास आकडे यायला हवेत. बाकीच्या टप्प्यांना हेच प्रमाण लावा. इनबिटविनरच्या त्या उभ्या रेघेवरच्या दाट-विरळ खुणा म्हणजेच हा उतार.

यावर चपटेपणा चढवायचा. फ्रेम ९ पर्यंत आकार मूळचा, १२ ला उंची १.१५ पट, १३ ला ०.७ पट, १५ ला पुन्हा १. फ्रेम ९ ची आकाराची की विसरलात तर चेंडू पहिल्या फ्रेमपासूनच ताणला जाऊ लागतो. चेंडूचं आकारमान कायम राहिलं पाहिजे, म्हणून उंची ०.७ करताना दोन्ही आडव्या दिशा १.२ करा, आणि १.१५ करताना ०.९३. सपाट, द्विमितीय चित्रात रुंदीची एकच दिशा असते, तिथे हाच आकडा १.४३ होतो. चपटा चेंडू दोन फ्रेमपेक्षा जास्त टिकला की तो कणकेचा गोळा वाटतो. पुढच्या टप्प्यांना चपटेपणा ०.८ आणि ०.९ इतका कमी करत जा. हे ताणणं-दाबणं हाताने काढणाऱ्यांच्या बारा तत्त्वांपैकी एक आहे. डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ती तत्त्वं १९८१ मध्ये पुस्तकात मांडली आणि १९८७ मध्ये जॉन लॅसेटर यांनी ती त्रिमितीय कॉम्प्युटर ॲनिमेशनला कशी लागू होतात ते एका निबंधात दाखवलं.

फिरवण्यात सरासरीचा आणखी एक सापळा आहे. वस्तू ३५० अंशांवरून १० अंशांवर न्यायची तर आपल्या मनात २० अंशांची छोटी गिरकी असते. यंत्राला आकडे तेवढे कळतात, आणि ते ३४० अंश उलटं फिरवून आणतं. दुसरी की १० ऐवजी ३७० लिहा.

शेवटी फ्रेम बाहेर काढताना थेट व्हिडिओ न करता पीएनजी चित्रांची मालिका काढा. मध्येच वीज गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात आणि पुढच्या फ्रेमपासून काम चालू करता येतं. गोल फिरत राहणारी हालचाल असेल, समजा २४ फ्रेमचं चालण्याचं चक्र, तर पहिली अवस्था जशीच्या तशी २५ व्या फ्रेमवर ठेवा, पण रेंडर, म्हणजे बाहेर काढायच्या फ्रेम, १ ते २४ एवढ्याच ठेवा. २५ वी फ्रेमही आत आली तर एकच अवस्था लागोपाठ दोनदा दिसते आणि दर फेरीला पात्र बारीकसं अडखळतं. प्लाटोच्या चकतीत ही चूक करायला जागाच नव्हती. बाराव्या चित्राच्या शेजारी तिथे थेट पहिलंच चित्र येतं.