कॅमेरा शिरोलीत, मोबाईल राजारामपुरीत

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी) बसला, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगही (बाहेरून आलेली मागणी आतल्या यंत्राकडे वळवण्याचा नियम) झालं, तरी मालकाला राजारामपुरीतल्या घरून कॅमेरा दिसत नाही. कोल्हापुरात कॅमेरे बसवणाऱ्यांच्या ओळखीची ही तक्रार. पुष्कळदा नियम बरोबरच लिहिलेला असतो. घोळ तीसेक वर्षं जुन्या नॅटचा, म्हणजे वाटेत पत्ता बदलण्याच्या युक्तीचा आहे.

१९८१ साली ठरलेल्या आयपीव्ही४ या इंटरनेटच्या पत्तापद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते ४ अब्ज २९ कोटींच्या आसपास. तेव्हा ते न संपणारे वाटले आणि वाटपही सढळ हातानं झालं. ‘ए’ वर्गाच्या एका गठ्ठ्यात १ कोटी ६७ लाख पत्ते असत. नव्वदीच्या सुरुवातीला तुटवडा दिसू लागला. १९९३ साली वर्गांची पद्धत मोडून सीआयडीआर, म्हणजे गरजेपुरते लहान-मोठे गठ्ठे देण्याची पद्धत आली, आणि मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणात नॅट मांडलं: आतल्या यंत्रांना कुठलेही खासगी पत्ते द्या, वेशीवरच्या राउटरनं पॅकेट (माहितीचा तुकडा) बाहेर जाताना पत्ता बदलावा. हा कायमचा उपाय नव्हे, असं त्या दोघांनी त्याच मसुद्यात बजावून ठेवलं होतं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मूळ कल्पनेत एका आतल्या पत्त्याला एक बाहेरचा पत्ता होता. खरी काटकसर झाली ती पोर्ट क्रमांकही (एका यंत्रावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखणारा आकडा) बदलायला लागल्यावर. पोर्ट १६ बिटांचा, त्यामुळे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अख्खं ऑफिस मावू लागलं. १९२.१६८ किंवा १० पासून सुरू होणारे खासगी पत्ते फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ नं पक्के केले.

नियम लिहिण्याची आजची रीत मात्र लिनक्सनं घरोघरी नेली. जानेवारी २००१ मधल्या २.४ कर्नलबरोबर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आयपीटेबल्स हे असे नियम लिहिण्याचं साधन आलं. बाहेर जाताना उगमाचा पत्ता बदलायचा तो एसनॅट. बाहेरचा पत्ता सारखा बदलणारा असेल तर मास्करेड. बाहेरून आलेलं पॅकेट आतल्या यंत्राकडे वळवायचं तो डीनॅट, म्हणजेच आपलं पोर्ट फॉरवर्डिंग. नवख्यांना चकवणारी गोष्ट अशी, की नॅटचा तक्ता जोडणीच्या पहिल्याच पॅकेटसाठी पाहिला जातो. पुढची पॅकेटं त्या जोडणीच्या ठेवलेल्या नोंदीवरून चालतात. म्हणून नियम बदलला तरी चालू जोडणी जुन्याच वाटेनं जात राहते आणि माणूस नियमालाच दोष देतो. बाहेरून आपणहून आलेल्या पॅकेटची नोंदच नसते, त्यामुळे डीनॅटशिवाय ते आत पोचत नाही. नॅट म्हणजे सुरक्षा हा समज यातूनच रुजला. माझ्या मते तो अर्धवट आहे: अडवणं हे फायरवॉलचं काम.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जगभरचे पत्ते वाटणाऱ्या आयएएनए या संस्थेकडचे शेवटचे गठ्ठे वाटून संपले. मग सेवा देणाऱ्या कंपन्याच नॅट करू लागल्या, ग्राहकाच्या नॅटवर आणखी एक. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा राखून ठेवला गेला. फाउंड्रीतल्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर या पट्ट्यातला पत्ता दिसला, तर तिथला डीनॅट कितीही अचूक असो, बाहेरचं पॅकेट त्याच्यापर्यंत येतच नाही. तिथं कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो, किंवा डीव्हीआरनं स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करायची. दोन्हीकडे आयपीव्ही६ (पुष्कळ जास्त पत्ते असलेली नवी पद्धत) असेल तर पत्ता बदलण्याची गरज उरत नाही; पण फायरवॉलमध्ये परवानगीचा नियम तिथंही लिहावाच लागतो.