नैसर्गिक आफ्रिकी केस आणि रिलॅक्सर सोडतानाचा काळ

घट्ट वळ्यांचे आफ्रिकी केस रसायनाने सरळ करणे थांबवायचे आणि ते मूळ रूपात पुन्हा वाढू द्यायचे, या मधल्या काळाला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया ‘ट्रान्झिशनिंग’ म्हणतात. केस सरळ करणारे रसायन म्हणजे रिलॅक्सर. अमेरिकेप्रमाणेच कॅरिबियन बेटे, ब्रिटन, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका इथेही हा अनुभव घरोघरी ओळखीचा आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढची सगळी निगा तिच्यावर उभी आहे: रिलॅक्सर लागलेला केस पुन्हा कुरळा होत नाही. तेलाने नाही, प्रोटीनने नाही, बाटलीवर काहीही छापलेले असो. कुरळा येतो तो मुळातून उगवणारा नवा केस. तो पुरेसा वाढेपर्यंत थांबायचे आणि जुना सरळ भाग कापून टाकायचा, एवढाच मार्ग आहे.

आफ्रिकी केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर गोल दिसत नाही, चपट्या लंबगोलासारखा दिसतो. टाळूच्या आत ज्या कूपातून तो उगवतो तो कूपच वाकडा असतो, त्यामुळे केस बाहेर पडतो तो वळतच. टाळूवर सुटणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते. इथे त्याला वळणावळणावर अडायला होते. म्हणून मुळाशी तेल आणि टोकाला कोरड, ही या केसांची कायमची अवस्था. शिवाय प्रत्येक वळण ही तुटण्याची एक जागा असते. दिसायला हे केस दाट आणि राठ वाटतात, म्हणून त्यांना जोर लावून विंचरले जाते. खरे तर ते फार नाजूक असतात आणि जोराने त्यांची फार हानी होते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आफ्रिकी केस दिवसाला सरासरी सुमारे 256 मायक्रोमीटर, तर युरोपीय केस सुमारे 396 मायक्रोमीटर वाढताना आढळले. म्हणजे आफ्रिकी केस महिन्याला जेमतेम पाऊण सेंटिमीटर. ‘महिन्याला अर्धा इंच’ हा सर्रास सांगितला जाणारा हिशेब धरून बसलेल्या बाईला आपलेच काही चुकते आहे असे वाटू लागते, ते यामुळे. त्यात वाळताना हे केस आखडतात. ओढून धरले तर खांद्यापर्यंत येणारी बट सोडताच कानाशी जाऊन बसते.

रिलॅक्सरचा जुना आणि जोरकस प्रकार सोडियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे साबण करायला आणि तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात त्या कॉस्टिक सोड्याचा. त्याचा सामू (pH) 12 ते 14 च्या घरात, म्हणजे अतिशय अल्कधर्मी असतो. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या जोडबंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात आणि केसाचा आकार त्या बंधांनी धरून ठेवलेला असतो. रिलॅक्सर हे बंध तोडतो. जोडीतला एक गंधकाचा अणू निघून जातो, उरलेल्या एकावर लॅन्थिओनिन नावाचा नवा बंध जमतो, आणि हा बंध मागे फिरत नाही. दुसरा प्रकार ‘नो-लाय’, म्हणजे कॉस्टिक सोडा नसलेला: त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडीन कार्बोनेट ऐन वेळी कालवतात. तो टाळूला त्यातल्या त्यात सौम्य असतो, पण केसावर कॅल्शियमचा थर बसून केस रुक्ष होतात. दोन्ही प्रकारांत टाळूला आधी व्हॅसलीन चोपडतात आणि चुरचुरू लागले की धुवून टाकायचे असते. ‘अजून दोन मिनिटे, अजून सरळ होतील’ म्हणत ती आग सोसलेल्या मुली पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नवी वाढ दिसू लागली की सहा ते आठ आठवड्यांनी मुळांना पुन्हा तेच.

सरळ केसांचा हा हट्ट आला कुठून, याचे उत्तर गुलामगिरीत आहे. 1786 साली स्पॅनिश राजवटीतल्या लुइझियानाचे गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी डोके कापडाने झाकावे असा हुकूम काढला. त्या बायकांनी ते फडके, ‘टिन्यों’, इतक्या देखण्या रीतीने बांधले की तीच फॅशन झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॅरेट मॉर्गन यांनी केस सरळ करणारे मलम बाजारात आणले. त्याच सुमाराला ॲनी मेलोन आणि मॅडम सी. जे. वॉकर या कृष्णवर्णीय उद्योजिकांनी टाळूच्या निगेवर मोठे उद्योग उभारले. तापवून केस सरळ करण्याचा कंगवा वॉकरबाईंनी शोधला असे वारंवार लिहिले जाते, ते खरे नाही. तो त्यांच्या आधीपासून होता. 1954 मध्ये शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी सुरू केलेल्या कंपनीने रिलॅक्सर घराघरात नेला. साठच्या दशकात ‘ब्लॅक इज ब्यूटिफुल’च्या चळवळीबरोबर अफ्रो, म्हणजे नैसर्गिक केस डोक्याभोवती गोल फुलवून ठेवण्याची पद्धत, आला, मग ओसरला. 2000 नंतर इंटरनेटवर स्वतःचे केस दाखवत, धुवत, विंचरत एकमेकींना शिकवणाऱ्या स्त्रियांमुळे रिलॅक्सर सोडण्याची लाट पुन्हा उठली. भाषेतले व्रण मात्र टिकून आहेत. सरळाकडे झुकणाऱ्या केसांना ‘गुड हेअर’ म्हणायचे, आणि मानेवरच्या सगळ्यांत घट्ट, गुंतणाऱ्या केसांना ‘किचन’.

सोडण्याची कारणे प्रत्येकीची वेगळी: भाजलेली टाळू, विरळ होत गेलेले केस, दर दोन महिन्यांचा खर्च, पोटातले बाळ, किंवा मुलीने विचारलेला एखादा प्रश्न. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी 33,497 स्त्रियांच्या दीर्घ पाहणीतून एक नोंद मांडली. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी उत्पादने वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. सत्तराव्या वर्षापर्यंतचा अंदाजित धोका 1.64 टक्क्यांवरून 4.05 टक्क्यांवर गेला. हा संबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. तरी अनेकींनी तो वाचून रिलॅक्सरचा डबा उचलून ठेवला असेल तर नवल नाही.

पुढे दोन वाटा. एक ‘बिग चॉप’: सरळ भाग एका बैठकीत कापून डोक्यावर बोटभर केस ठेवायचे. दुसरी सावकाशीची: केस न कापता सहा महिने ते दोन वर्षे नवी वाढ होऊ द्यायची आणि टोके थोडीथोडी छाटत जायची. दुसऱ्या वाटेची सगळी अडचण एका जागी साठलेली असते. नवा कुरळा केस आणि जुना सरळ केस जिथे भेटतात तो सांधा. एकच बट दोन बोटांत धरून मुळाकडून खाली सरकवली तर तो हाताला कळतो. वर लवचीक, खडबडीत, वळ्यावळ्यांचे. मग एकदम गुळगुळीत, सपाट आणि लुळे. वरचा भाग आखडतो, खालचा लोंबतो, आणि कंगव्याचा ताण नेमका त्या सांध्यावर येतो. केस तिथेच तुटतात. ‘माझे केस वाढतच नाहीत’ असे म्हणणाऱ्या बहुतेक जणींचे केस वाढत असतात. ते त्या सांध्यावर तुटून जात असतात.

म्हणून धुण्याचा दिवस हा या काळाचा गाभा. तो आठवड्यातून किंवा दहा दिवसांतून एकदा येतो आणि अर्धा दिवस खातो. डोक्याचे चार ते आठ भाग पाडून प्रत्येकाला चिमटा लावतात. एकेक भाग सोडून पाण्याने ओला करायचा आणि घसरडा होईपर्यंत कंडिशनर लावायचे. मग आधी नुसत्या बोटांनी गाठ चाचपून मोकळी करायची. रुंद दातांचा कंगवा त्यानंतर, आणि तोही टोकांपासून सुरू करून हळूहळू मुळाकडे. आपल्याकडे न्हायलेल्या मुलीचा गुंता आई असाच खालून सोडवत वर जाते. फरक इतकाच की इथे सांध्याच्या जरा वर मुठीत केस धरून ठेवावे लागतात, म्हणजे ओढ तिथे पोचत नाही. कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही. शांपू सौम्य, शक्यतो सल्फेट नसलेला. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपायचे.

मग ओल कोंडून ठेवायची. पाणी किंवा पाण्यासारखे पातळ कंडिशनर, त्यावर तेल, त्यावर मलई, असा क्रम अनेक जणी पाळतात. पश्चिम आफ्रिकेतले शिया बटर आणि बिया भाजून काढलेले जमैकाचे काळे एरंडेल यांचे मान मोठे. जवस पाण्यात उकळून, गाळून केलेली बुळबुळीत जेल घरीच होते आणि वळ्या छान धरून ठेवते. तेल म्हणजे ओलावा नव्हे, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते. कोरड्या केसावर तेल चोपडून तो मऊ होत नाही. खोबरेल केसाच्या आत शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे दाखवणारा 2003 चा बहुचर्चित अभ्यास मुंबईच्या प्रयोगशाळेतला आहे.

दोन पोत एकसारखे दिसावेत म्हणून ओल्या केसांचे पेड पिळून किंवा वेण्या घालून वाळवतात आणि सकाळी सोडतात. वरून खालपर्यंत एकच लाट दिसते. इस्त्रीने नव्या केसांना जुन्यांसारखे सरळ करण्याचा मोह टाळलेला बरा, कारण उष्णतेनेही वळ्या कायमच्या मोडू शकतात. केस बांधून ठेवणाऱ्या रचना, म्हणजे चौकोनी भाग पाडून घातलेल्या सुट्या वेण्या (बॉक्स ब्रेड्स), टाळूलगतच्या वेण्या (कॉर्नरोज), पिळून गुंडाळलेले छोटे अंबाडे (बंटू नॉट्स), त्यांना विसावा देतात. पण वेणी घट्ट असली की कपाळाची रेघ मागे सरकू लागते. वेणी घालताना दुखले, मुळांशी पुटकुळ्या आल्या, तर ती त्याच दिवशी सोडावी. तिथले केस एकदा कायमचे गेले की परत येत नाहीत. रात्री सॅटिनची टोपी किंवा उशीचा अभ्रा, कारण सुती कापड ओलावा शोषते आणि केस घासते.

केस वाढवणे पुरेसे नसते, ते घेऊन शाळेत आणि नोकरीवर जाता यावे लागते. ऑगस्ट 2016 मध्ये प्रिटोरियाच्या मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींनी केसांच्या नियमांविरुद्ध निदर्शने केली, तेव्हा अफ्रो घेऊन उभ्या राहिलेल्या मुली जगाने पाहिल्या. 3 जुलै 2019 रोजी कॅलिफोर्नियात ‘क्राउन’ कायद्यावर सही झाली आणि केसांचा पोत व वेण्यांवरून भेदभाव करणे तिथे बेकायदा ठरले. नंतर इतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले.

भारतात यल्लापूर-हल्याळच्या आणि गीरच्या सिद्दी समाजात असे केस पिढ्यांपासून आहेत. दुसरा धागा वेगळाच आहे. तिरुपतीला नवस फेडताना उतरवलेल्या केसांचा लिलाव होतो, आणि त्यातले लांब केस जोडकेस, विग होऊन परदेशी बाजारात जातात. रिलॅक्सर सोडताना मधले महिने काढण्यासाठी काही जणी तेच केस डोक्यावर शिवून घेतात.

शेवटची छाटणी केव्हा, याला ठरलेली तारीख नसते. कुणी खांद्यापर्यंत थांबते, कुणी सांध्यावर रोज तुटणाऱ्या केसांना कंटाळून मधेच कात्री उचलते. केस ओले करून पाहिले की कुठे कापायचे ते स्पष्ट दिसते: पाणी लागताच नवा केस वळी घेऊन वर चढतो, आणि जुना सरळ भाग दोऱ्यासारखा खाली लोंबत राहतो.