कुर्ली चालली आणि पोरगी शाकाहारी झाली

गणपती गेले की आमच्याकडे पुढचा रविवार माशांचाच असतो, महिनाभर श्रावण पाळून सगळ्यांची जीभ नुसती वखवखलेली असते. यंदा जिजूंनी कुर्ल्या (म्हणजे खेकडे) आणल्या, जिवंत, ताईने त्या सिंकमध्ये ठेवल्या आणि नेमकी माझी पाच वर्षांची भाची पाणी प्यायला आत गेली. एक कुर्ली सिंकच्या काठावर चढून बसलेली. "मावशी, ही चालतेय." म्हटलं हो, चालतेय. "मग आपण हिला का खायचं?" मला काही सुचलं नाही. त्या दिवसापासून बाईसाहेब शाकाहारी.

आता हे कौतुकाचं वाटेल, पण ही मुलगी मुळात खायचीच काय तर वरणभात, दही, तूप-साखर पोळी, बटाट्याच्या काचऱ्या, बिस्किटं आणि तळलेली सुरमई. संपली यादी. भाजी दिसली की ओठ घट्ट मिटलेले. त्यातून सुरमई गेली म्हणजे राहिलं काय? आईने तर डोक्याला हातच लावला, "निस्त्याशिवाय (म्हणजे माशांशिवाय) जेवाण कसला?" ताई घाबरलेली, प्रोटीनचं काय होणार म्हणून. मग मी (मला असल्या गोष्टी वाचायची खाज आहेच) थोडं खणून काढलं, आणि माझ्या लक्षात आलं की आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतोय. एक म्हणजे तिचे खाण्याचे नखरे आणि दुसरी म्हणजे तिचं मासे सोडणं. काळजी करायची तर पहिल्याची करा, दुसऱ्याचं गणित त्यामानाने सोपं आहे.

आधी नखरे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, तीन किलोचं नऊ किलो. दोन वर्षांनंतर मात्र ते वर्षाला जेमतेम दोन किलोने वाढतं. म्हणजे वाढीचा वेग कमी होतो आणि त्याबरोबर भूकही, आणि आपण मात्र म्हणत राहतो की आधी छान जेवायची, आता काय झालं हिला. काही झालेलं नाही. त्यात दोन ते सहा वर्षांच्या आसपास मुलांना नवीन पदार्थाची भीती वाटते, अगदी खरी भीती. मूल चालायला लागलं की आईच्या नजरेआड जाऊन काहीही तोंडात घालू शकतं, तेव्हा अनोळखी पान-फळ नको म्हणणारं पोर जगण्याची शक्यता जास्त, असं यामागचं उत्क्रांतीचं स्पष्टीकरण देतात. आणि कडू चव तर निसर्गात बऱ्याचदा विषाची खूण. म्हणजे मेथीची भाजी बघून ओठ मिटणारं पोर काही उद्धट नाही, जुन्या जंगलातलं सावध पोर आहे ते.

आणि यात आईबापांची चूक आपण समजतो त्यापेक्षा बरीच कमी असते. ब्रिटनमध्ये २००७ साली ५३९० जुळ्यांच्या जोड्यांवरचा अभ्यास आला होता, मुलं आठ ते अकरा वर्षांची. नवीन पदार्थ नको म्हणण्यात मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो त्यातला सुमारे ७८ टक्के फरक आनुवंशिक निघाला. ताईला हे सांगितलं तर ती आधी जिजूंकडे बघायला लागली, कारण सासूबाई अजून सांगतात की जिजूंनी सातवीपर्यंत वांगं तोंडात घेतलं नव्हतं.

पण आनुवंशिक आहे म्हणजे हात बांधून बसायचं असं नाही. आपल्याकडे "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" चालतं तोवर ठीक आहे, पुढे ते "संपवल्याशिवाय उठायचं नाही" पर्यंत जातं, आणि तिथे गाडी बिघडते. अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सूप देऊन पाहिलं होतं, एका सुपाच्या वेळी कोणी काही बोलायचं नाही आणि दुसऱ्याच्या वेळी सारखं "सूप संपव" म्हणायचं. जिथे मागे लागले तिथे मुलं कमी प्यायली आणि नावंही भरपूर ठेवली. लाच देण्याचंही तेच, भाजी खाल्लीस तर चॉकलेट. लीॲन बर्च नावाच्या संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात दाखवलं की बक्षीस देऊन प्यायला लावलेलं पेय मुलांना नंतर आधीपेक्षा कमी आवडायला लागतं. मुलाचं डोकं साधं चालतं, ज्यासाठी चॉकलेट द्यावं लागतं ती वस्तू नक्कीच बेकार असणार! बरोबरच आहे की.

मग चालतं काय, तर ओळख. तोच पदार्थ पुन्हा पुन्हा समोर येणं, चमचाभर, काही न बोलता. साधारण आठ-दहा वेळा, काहींना पंधरा वेळा चाखायला लागतो तेव्हा कुठे तो ओळखीचा वाटतो. आपण तीन वेळा देतो आणि जाहीर करतो की हिला गाजर आवडत नाही.

इथे मला क्लारा डेव्हिस आठवतात, ही गोष्ट मला फार आवडते. १९२६ पासून पुढे अमेरिकेत या डॉक्टर बाईंनी १५ बाळांना, जेमतेम दूध सुटलेल्या, आपलं जेवण आपण निवडायला दिलं. एकूण ३४ साधे पदार्थ, त्यातले काही ताटात मांडायचे, नर्सने काही सुचवायचं नाही, बाळाने बोट दाखवलं तरच चमचा पुढे करायचा. मुलांच्या आवडीनिवडी अगदी चित्रविचित्र होत्या, आणि तरी सगळी धडधाकट वाढली. एका बाळाला मुडदूस होता, त्याला पेल्यात कॉडलिव्हर ऑइल (ड जीवनसत्त्व असलेलं माशाचं तेल) ठेवलेलं, ते बरं होईपर्यंत ते पीत राहिलं आणि मग सोडून दिलं. पण लोक यातून "मुलांना सगळं कळतं" एवढंच उचलतात आणि खरी मेख विसरतात, ती डेव्हिस बाईंनी स्वतःच सांगितली होती, की त्या ३४ मध्ये साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. म्हणजे काय मांडायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, त्यातलं काय आणि किती खायचं ते मुलाने. आमच्या घरी बिस्किटाचा डबा वरच्या फळीवर गेला तो यामुळे, आणि पहिले चार दिवस काय झालं ते न सांगितलेलं बरं.

आता दुसरी गोष्ट, तिचं मासे सोडणं. हा नुसता हट्ट आहे असं आम्हाला वाटलं होतं. पण हार्वर्डच्या कॅरन हसर आणि पॉल हॅरिस यांनी २०१० मध्ये सहा ते दहा वर्षांच्या अशा मुलांचा अभ्यास छापला, घरचे सगळे मांस खाणारे आणि ही मुलं मात्र आपणहून सोडलेली. कारण विचारलं तर ती प्राण्यांबद्दलच बोलायची, चवीबद्दल नाही. आणि गंमत म्हणजे बाकीच्यांनी खाल्लं तर ती त्यांना वाईट म्हणत नव्हती. आमचीही तशीच, आजोबा बांगडा खातात तर शेजारी बसून वरणभात खाते, फक्त काटा बघितला की डोळे मिटते. शिवाय अमेरिकेतल्या चार ते सात वर्षांच्या मुलांवरच्या २०२१ च्या एका अभ्यासात जवळपास निम्म्या मुलांनी बटाट्याचे फ्राइज प्राण्यापासून बनतात असं सांगितलं, आणि बेकन (डुकराचं मांस) झाडापासून येतं म्हणणारेही ४१ टक्के निघाले. आमच्याकडे सिंकमध्ये कुर्ली चालते त्यामुळे असा गैरसमज राहत नाही, एवढंच.

तर सुरमई गेल्याने नक्की काय गेलं? प्रोटीन म्हणाल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम लागतं. एक ग्लास दूध ८ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरण ६, दोन छोट्या पोळ्या ४-५, चमचाभर दाण्याचं कूट २. झालं की, वर शिल्लक राहिलं. धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर, आणि डाळीत जो कमी तो धान्यात, म्हणून वरणभात. दोन्ही एकाच घासात पाहिजेत असंही नाही, दिवसभरात पोटात गेले तरी चालतं. अख्खे शेंगदाणे मात्र लहान मुलांना देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात, कूटच द्या.

लोहाचं म्हणाल तर ताईला मी सांगितलं की सुरमईत लोह मुळातच जेमतेम होतं, म्हणजे हा प्रश्न आधीपासून होताच, आपण माशाच्या तुकड्याखाली झाकून ठेवला होता. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या भारतीय मुलांपैकी ४१ टक्के मुलांना ॲनिमिया निघाला होता. आमच्या भाचीच्या वयाला, म्हणजे चार ते सहा वर्षांच्या मुलाला, दिवसाला ११ मिलीग्रॅम लोह लागतं. मटकी, हरभरा, हळीव यांत ते चांगलं असतं पण फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं, आतड्यापर्यंत पोचूनही सुटू देत नाही. त्यावर आपल्या आज्यांनी उपाय करून ठेवलेत, त्यांना रसायन माहीत नसलं तरी. कडधान्याला मोड आणले की दाण्यातलं एन्झाइम जागं होऊन फायटेट तोडायला लागतं, आंबोळीचं पीठ रात्रभर आंबवलं की तेच होतं, आणि वरून लिंबू पिळलं की सी जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जाणाऱ्या रूपात राहतं. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, वर लिंबू, म्हणजे आमचा सगळा मालवणी नाश्ताच यात बसला. जेवणाबरोबर चहा मात्र नको (हो, पाच वर्षांच्या पोरांना बशीतून चहा देणारी घरं आहेत, आमचंही होतं). आणि दुधाचा अतिरेकही नको. दिवसाला अर्धा लिटर पुरे, लिटर-लिटर दूध पिणारं मूल जेवत नाही आणि दुधात लोह नसल्यातच जमा.

बी-१२ ही खरी अडचणीची जागा. हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत, फक्त सूक्ष्मजीव बनवतात आणि ते प्राण्यांमार्फत आपल्यापर्यंत येतं. मोड आलेल्या मुगात बी-१२ असतं वगैरे जे फॉरवर्ड फिरतात त्यावर विश्वास ठेवू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला, त्यात बहुतेक गरोदर बायकांमध्ये बी-१२ कमी निघालं होतं. दोन वेळा दूध-दही पोटात गेलं तर एवढ्या लहान मुलाचं साधारण भागतं, पण दूधही सोडलं तर गोळी-थेंब डॉक्टरांना विचारून द्यावेच लागतात, त्याला पर्याय नाही. अंड्यावर आमच्याकडे अजून वाटाघाटी चालू आहेत. दुकानातल्या अंड्यात पिल्लू नसतं कारण तिथे कोंबडाच नसतो असं मी समजावलं, तर म्हणाली, "कोंबडीला विचारलं का?"

राहिलं डीएचए, माशातलं मेंदू आणि डोळ्यांना लागणारं तेल. जवस आणि अक्रोडातल्या तेलापासून शरीर ते बनवतं पण फार थोडं. मात्र मासा तरी ते कुठून आणतो? समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून, ते लहान मासे खातात आणि त्यांना मोठे. त्यामुळे आता शेवाळाचंच तेल औषधाच्या दुकानात मिळतं, गरज वाटली तर. आणि आयोडीन माशातून जायचं ते आता आयोडीनयुक्त मिठातून जाऊ दे, सैंधवाचं फॅड आमच्या घरात मी येऊ दिलेलं नाही.

आता ज्या बातमीने ताईची झोप परत आली ती सांगते. टोरोंटोमध्ये सहा महिने ते आठ वर्षांच्या ८९०७ मुलांचा अभ्यास २०२२ मध्ये छापला गेला. शाकाहारी आणि मांसाहारी मुलांची उंची, लोहाचा साठा, ड जीवनसत्त्व यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक एकच, शाकाहारी मुलांमध्ये वजन कमी असण्याची शक्यता जवळपास दुप्पट. ते का, तर माझा अंदाज असा की पोट छोटं, शाकाहारात चोथा जास्त, पोट भरतं पण उष्मांक कमी पडतात. म्हणून वरणावर तूप, थालीपिठावर लोणी, पोह्यांवर खोबरं आणि कूट. इथे "तेल-तूप कमी" हा मोठ्यांचा नियम लावू नका.

आणि तरी वजन थांबलं, मूल फिकट दिसायला लागलं, माती-खडू खायला लागलं, गिळताना उमासे यायला लागले किंवा खाण्याची यादी महिन्यागणिक आणखी आटत गेली तर मग आत्या-मावश्यांचं ऐकत बसू नका, सरळ मुलांच्या डॉक्टरांकडे जा, रक्त तपासून घ्या. माझंही तेव्हा ऐकू नका.

आईला पटवायला मी एकच विचारलं, श्रावणात आपण सगळे महिनाभर काय उपाशी होतो का? ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी मटकी भिजत पडली. त्याला आता तीन आठवडे झाले. उसळ भाचीच्या ताटात रोज नाही, एक दिवसाआड जाते, चमचाभर, कोणी काही बोलत नाही, मी मोजतेय फक्त. काल नववी वेळ होती. तिने एक मोड बोटात धरून विचारलं, "ही मटकीची शेपटी आहे का?" म्हटलं नाही ग, मूळ आहे, झाड येणार होतं त्याचं. तिने बराच विचार केला, मोड तेवढा तोडून खाल्ला आणि दाणा बाजूला ठेवून दिला.