गर्दीचे आकडे आणि एकट्याचा माग

सकाळी साडेनऊला चर्चगेटला उतरणाऱ्या गर्दीत आपल्याला कोण ओळखणार, ही मुंबईकराची समजूत फलाटापुरती खरी आहे. मोबाइलच्या नोंदींत ती टिकत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा एखादा माणूस कधी आणि कुठे होता याचे अवघे चार ठिपके ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळे काढण्यास पुरेसे ठरले. नाव आणि नंबर पुसून भागत नाही हे उघड झाल्यावर व्यक्तींच्या नोंदींऐवजी नुसत्या बेरजा, म्हणजे कुठे कधी किती फोन होते एवढेच, देणे सुरक्षित मानले जाऊ लागले.

तो भरवसाही २०१७ साली डळमळला. केवळ ठिकाणनिहाय बेरजांवरून संशोधकांनी व्यक्तींचे मार्ग ७३ ते ९१ टक्के अचूकतेने पुन्हा जुळवले. रात्री माणूस सहसा जागचा हलत नाही, दिवसा तो मागच्या ठिकाणाच्या आसपासच सापडतो आणि त्याचा आजचा दिवस कालच्यासारखाच असतो, एवढ्यावरच ही जुळणी उभी होती. समजा, शहराच्या नकाशाचे चौकोन पाडून दर अर्ध्या तासाचे फोन मोजले आणि आरे वसाहतीतल्या एका पाड्याजवळच्या चौकोनात पहाटे साडेतीनला एकच फोन निघाला. चारनंतर तिथे शून्य, शेजारच्या चौकोनात एक, मग गोरेगाव स्थानक, शेवटी दादरचा फूलबाजार, आणि हे रोज. तक्त्यात नाव नसले तरी पाड्यातले कोणीही त्या फूलवाल्या बाईंचे नाव सांगेल. त्याच वर्षी स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपने धावपटूंच्या मार्गांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यावर ओसाड प्रदेशांतले लष्करी तळ उजळलेले दिसले. विरळ वस्तीचा धोका इथेही तोच.

यावरचा उपाय त्याआधीच मांडला गेला होता. २००६ साली सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या डिफरन्शियल प्रायव्हसीत प्रत्येक बेरजेत मोजूनमापून यादृच्छिक फरक मिसळतात, जेणेकरून एक माणूस धरला काय नि वगळला काय, निष्कर्ष जवळपास तोच राहावा. एप्रिल २०२० पासून निघालेल्या लोकांच्या वर्दळीवरच्या गूगलच्या कोविडकालीन अहवालांत हीच पद्धत होती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक ठरते. त्या कसोटीवर पाड्याची ती बेरीजही वैयक्तिकच मानावी, असे मला ठामपणे वाटते. लहान आकडे सरसकट गाळले, तर पाडा नियोजनाच्या नकाशावरूनच पुसला जाईल. त्यापेक्षा चौकोन मोठा करावा आणि अर्ध्या तासाऐवजी महिनाभराच्या पहाटेची एकत्र बेरीज द्यावी. पहाटेची बस कुठून सोडायची हे ठरवायला तेवढा तपशील पुरतो.